जाहिरातीतला उजेड कुणाचा?

एक छोटा प्रयोग करून बघा. लिरिल साबणाची धबधब्यातली जाहिरात आठवा. १९७५ची. तुमच्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण यूट्यूबवर पाहिली असेलच. मॉडेल कॅरन लुनेल, एजन्सी लिंटास, एजन्सीत या कामामागे अलेक पदमसी, दिग्दर्शक कैलाश सुरेंद्रनाथ, जागा कोडाईकनालचा धबधबा. एवढी माहिती पाच मिनिटांत मिळते. आता सांगा, कॅमेरा कुणाचा होता? उडणाऱ्या पाण्यावर तो उजेड कुणी पकडला?

इथे बहुतेक जण अडतात. ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या, कॅमेरामन व्ही. अवधूत हे नाव लगेच सांगता येतं, कारण प्रभातने ते पडद्यावर लिहिलं. जाहिरातीला श्रेयनामावली नसते. तीस सेकंदांत नाव कुणाचं घालणार? पैसे देणाऱ्याला फक्त साबणाचं नाव दिसायला हवं असतं. त्यामुळे देशात सगळ्यात जास्त वेळा पाहिली गेलेली काही दृश्यं ज्यांनी उजळली, त्यांचीच नावं इतिहासात नाहीत. माझ्या पीएच.डी.चा विषय हा आहे आणि आज मला तुम्हाला निष्कर्ष सांगायचे नाहीत. नाव नसलेल्या माणसाच्या कामाचा इतिहास लिहायला बसलो की काय काय होतं, ते सांगायचं आहे.

माझ्या विषयाच्या नावात शिरूर आणि दौंड आहेत. प्रत्येक सेमिनारमध्ये पहिला प्रश्न हाच येतो: जाहिराती मुंबईत बनायच्या, मग तुम्ही शिरूरला काय शोधताय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की जाहिरातीचा उजेड दोनदा पडतो. एकदा सेटवर, वस्तूवर. दुसऱ्यांदा थेटरात, पडद्यावर. पहिल्या उजेडाबद्दल थोडंफार लिहिलं गेलंय. दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही, आणि मुंबईबाहेर तर विचारूच नका. पण पहिला उजेड करणाऱ्याच्या डोक्यात दुसरा असणारच. आपली फिल्म कुठल्या पडद्यावर पडणार आहे, हे माहीत असलेला माणूस तसा लाइट लावतो.

दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला. दौंड जंक्शन आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लाइन सुरू झाली तेव्हापासून मुंबई-सोलापूरचा आणि उत्तरेकडचा रस्ता इथे मिळतो. शिरूरला आजही रेल्वे नाही. गाव पुणे-नगर रस्त्यावर, घोड नदीच्या काठी. म्हणून जुनी माणसं त्याला घोडनदीच म्हणतात. सिनेमाची प्रिंट पत्र्याच्या डब्यांतून रेल्वे पार्सलने किंवा एसटीने फिरायची, तेव्हा या फरकाला अर्थ होता. (एक व्यावहारिक सूचना: कागदपत्रं शोधताना बीडचं शिरूर कासार आणि लातूरचं शिरूर अनंतपाळ गळ्यात पडतात. जिल्हा न बघता नोंद उतरवून घेऊ नका. आणि जुन्या इंग्रजी कागदांत दौंड हे ‘धोंड’ वाचलं जाईल अशा स्पेलिंगने येतं. नुसतं आजचं स्पेलिंग टाकून शोधलंत तर निम्मी सामग्री हातची जाईल.)

आता थोडं मागे जाऊ, कारण जाहिरात आणि कॅमेरा यांचं नातं आपल्याकडे पहिल्या दिवसापासूनचं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, दादासाहेब फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली. वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चौकट टिपायची, असं सुमारे महिनाभर. ती कशासाठी केली? भांडवल मिळवण्यासाठी. मला हे तंत्र येतं, पैसे द्या, असं सांगण्यासाठी. फोटोग्राफीच्या सामानाचा व्यापार करणाऱ्या यशवंतराव नाडकर्णींनी ती पाहून पैसे दिले. मी ही फिल्म आपल्याकडच्या जाहिरातपटांच्या यादीत पहिली धरते. माझ्या मार्गदर्शकांना हे पटलेलं नाही, हेही सांगून टाकते.

पुढचा टप्पा कोल्हापूरचा. बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’साठी (१९२३) रात्रीच्या प्रसंगांत कृत्रिम प्रकाश वापरला. तोवर आपला सिनेमा सूर्यावर आणि ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या फळ्यांवर चालत होता. पेंटर स्वतः पोस्टरं रंगवणारे, म्हणजे प्रकाश टाकणारा आणि माल खपवणारा माणूस एकच. त्यांच्या कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी १९२९ला प्रभात काढली, १९३३ला ती पुण्याला आली, आणि त्याच जागेत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पुढे जाऊ.

माझा खरा काळ १९६० नंतरचा. तेव्हा हलत्या चित्राची जाहिरात बघायची तर थेटरातच. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ला. म्हणजे १९७५ची लिरिलची जाहिरात मुळात अंधारात बसलेल्या प्रेक्षकासाठी केली होती, मोठ्या पडद्यासाठी. आज आपण ती मोबाइलवर बघून तिच्या उजेडाबद्दल मत देतो, तिथेच पहिली चूक होते. तालुक्याच्या थेटरात तेव्हा दोन प्रकारच्या जाहिराती असत. एक, काचेवर रंगवलेली स्लाइड: गावातलं कापडाचं दुकान, सोनार, फोटो स्टुडिओ. दुसरा, मुंबईहून आलेला रंगीत जाहिरातपट. असे पट देशभरच्या थेटरांत पोहोचवणारी मोठी कंपनी होती ‘ब्लेझ’. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

थोडं गणित करू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे मिनिटाला ९० फूट. तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे ४५ फूट, वीस सेकंदांची ३० फूट. दिवसभर लाइट लावायचा तो या एवढ्याशा पट्टीसाठी. फिल्मचा वेगही बघा. ईस्टमनची १९६२ची रंगीत निगेटिव्ह ५० एएसएची होती, १९६८ची १०० एएसएची. आजचे बरेच डिजिटल कॅमेरे ८००वर बेतलेले असतात. ५० आणि ८०० मध्ये सोळा पट फरक. तेव्हाच्या कॅमेरामनला त्याच भिंगाच्या त्याच उघडीपाशी आजच्या सोळा पट उजेड लागायचा. तो आणायचा कुठून? टंगस्टनचे मोठे दिवे, किंवा कार्बन आर्क. ‘ब्रूट’ नावाचा आर्क दिवा २२५ अँपियर करंट ओढायचा. त्याची धग इतकी, की खाण्यापिण्याची वस्तू समोर टिकतच नसे. बर्फाऐवजी ॲक्रिलिकचे खडे आणि थंडगार बाटलीवरच्या दवासाठी ग्लिसरीनचे थेंब, ही टेबलावरच्या वस्तूंच्या शूटिंगमधली जुनी युक्ती आहे.

चकचकीत वस्तूचा लाइट हा वेगळाच मामला असतो, आणि संशोधकाने तो समजून घेतलाच पाहिजे. मडकं किंवा भाकरी यांच्यावर पडलेला उजेड आपल्याला दिसतो. बाटली, स्टीलचा पेला, ओले केस यांच्यावर मात्र आपल्याला दिवाच दिसतो, आरशासारखा. म्हणून जाहिरातीचा कॅमेरामन दिवा लावताना बाटलीला ‘काय दिसेल’ याचा विचार करतो: मोठा पांढरा कपडा, बटर पेपर लावलेली चौकट, थर्माकोलचा पत्रा. बाटलीच्या काठावर जी सरळ पांढरी रेघ दिसते, ते त्या चौकटीचं प्रतिबिंब असतं. संशोधकाला हे वरदानच आहे. कागद हरवले, नाव हरवलं, पण सेटवरच्या दिव्याचा आकार बाटलीवर उमटून राहिलाय. माणसाच्या बुबुळातही तेच. ठिपका असेल तर उघडा दिवा, चौकोन असेल तर पसरवलेला मऊ उजेड. मी जाहिरात थांबवून थांबवून डोळ्यांतले दिवे मोजते. घरच्यांना वाटतं, ही पीएच.डी. करतेय की टाइमपास.

आता माझं गृहीतक. १९६०-७०च्या दशकांतल्या बऱ्याच जाहिराती सपाट आणि लख्ख उजळलेल्या दिसतात. सावली कमी, पार्श्वभूमी फिकट. रूढ स्पष्टीकरण असं, की फिल्म मंद होती आणि गिऱ्हाइकाला माल स्पष्ट दिसायला हवा होता. मला वाटतं, तिसरं कारणही आहे: तालुक्याचा पडदा.

तिथला उजेड कसा होता ते पाहा. प्रोजेक्टरमध्येही कार्बन आर्कच. दोन कांड्यांच्या मधल्या फटीत ठिणगीचा झोत पेटतो, कांड्या जळत जातात, फट वाढते, आणि ऑपरेटरला ती सतत सारखी करावी लागते. दुर्लक्ष झालं की पडद्याचा रंग बदलतो, उजेड पडतो. मानकाप्रमाणे, फिल्म न लावता रिकाम्या खिडकीतून पडद्यावर १६ फूट-लँबर्ट उजेड हवा. पण चित्राची रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. त्यात मळलेला पडदा, वीजदाबाचे चढउतार, यात्रेतल्या तंबूत जनरेटर. अशा पडद्यावर सावलीतला तपशील पहिला मरतो. काळ्यात काळं मिसळतं. गर्द सावलीत ठेवलेली साबणाची वडी मुंबईच्या एअरकंडिशन्ड थेटरात सुंदर दिसेल, पण इथे ती दिसणारच नाही. एका निवृत्त ऑपरेटरकाकांना मी त्या काळच्या जाहिरातींबद्दल विचारलं, तर त्यांनी एकच शब्द वापरला: लख्ख. सिनेमा काळा पडला तरी जाहिरात कधी काळी पडायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

काकांच्या या शब्दावर मी एक अख्खं प्रकरण लिहून टाकलं होतं. तुम्ही तसं करू नका. एका माणसाची आठवण म्हणजे प्रश्न विचारायला मिळालेलं निमित्त. पुरावा त्यानंतर गोळा करायचा.

पुरावा कसा? एका कारणाची परीक्षा घ्यायची तर दुसरी कारणं स्थिर ठेवता आली पाहिजेत. फिल्म मंद होती हेच कारण असेल, तर त्याच काळात, तशाच फिल्मवर, त्याच माणसाने केलेला कथापटही लख्ख दिसायला हवा. जाहिराती आणि कथापट दोन्ही केलेला कॅमेरामन शोधला की ही तुलना जमते. असा एक माणूस आहे: गोविंद निहलानी. ते व्ही. के. मूर्तींचे सहायक होते. मूर्ती म्हणजे ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) मोठ्या आरशांनी उन्हाचा झोत स्टुडिओत आणणारे. मराठी वाचकाला निहलानी सत्यदेव दुबेंच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे (१९७१) छायालेखक म्हणूनही ठाऊक असतील. श्याम बेनेगल जाहिरात क्षेत्रातूनच आलेले. जाहिरातपट आणि माहितीपट मिळून त्यांनी ९००हून जास्त केले, आणि त्यातल्या अनेकांत कॅमेरा निहलानींचा. मग १९७४मध्ये दोघांनी ‘अंकुर’ केला. रंगीत, स्टुडिओबाहेर, खऱ्या जागी. घराच्या आतला उजेड खिडकी-दारातून आल्यासारखा, कोपऱ्यांत अंधार राहू दिलेला. म्हणजे १९७४च्या रंगीत फिल्मवर सावली ठेवता येत होती. मंद फिल्म हे एकटं कारण पुरत नाही.

(‘अंकुर’ला पैसे कुणी दिले? ब्लेझने. थेटरांत जाहिराती पोहोचवणाऱ्या कंपनीने. आपण ज्याला समांतर सिनेमा म्हणून पूजतो, त्याचं बी साबण-चहाच्या पैशातून रुजलंय. पुढे ‘अर्धसत्य’चे (१९८३) एक निर्माते होते मनमोहन शेट्टी, ॲडलॅब्स या लॅबचे. जाहिरातपट धुण्यासाठी निघालेली लॅब, नावातच ‘ॲड’. आणि फाळक्यांचा ‘अंकुर’ही भांडवलासाठीच उगवला होता. यावर वेगळा लेख होईल, इथे थांबते.)

पण यावरून लगेच ‘म्हणजे कारण पडदाच’ असं म्हणता येत नाही. गिऱ्हाइकाचा आग्रह हे कारण अजून उभंच आहे. ते वेगळं काढायला मला १९७६ हे वर्ष उपयोगी पडेल असं वाटलं. पुण्याला मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम १९७३ पासून दिसू लागले होते. जाहिराती टीव्हीवर आल्यावर पडदा बदलला, गिऱ्हाईक तेच राहिलं. तर उजेड बदलला का? इथे पुन्हा पंचाईत. काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या नळीला काळ्या-पांढऱ्यातलं मोठं अंतर झेपत नसे, म्हणून टीव्हीसाठीही सपाटच लाइट सोयीचा. दोन वेगळी कारणं, परिणाम एकच. तेव्हा टीव्हीवर सुटणारा प्रश्न हा नव्हता. शेवटी मी तुलना उलटी केली: ज्या जाहिराती फक्त मोठ्या शहरांतल्या महाग मालाच्या होत्या, त्यांच्यात सावली जास्त आहे का? सध्या त्यावर काम चाललंय.

आता सामग्री. जाहिरातपट कुठे मिळतात? पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. पण आपल्याकडे पुस्तकाची प्रत ग्रंथालयात जमा करायचा कायदा आहे, तसा सिनेमाचा नाही. मूकपटांच्या काळातले हजारावर चित्रपट गेले, जुन्या प्रिंट त्यातल्या चांदीसाठी भंगारात विकल्या गेल्या. कथापटांची ही गत, तिथे ४५ फुटांच्या पट्टीला कोण जपणार? मोहीम संपली की प्रिंटचा उपयोग संपला. म्हणून भोवतालचे कागद शोधायचे. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे थेटरात दाखवायच्या जाहिरातपटालाही सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. त्यात शीर्षक, अर्जदार, लांबी, तारीख असते. कॅमेरामनचं नाव नसतं, पण लांबी आणि तारीख मिळाली की हातातली अनामिक पट्टी कुठली ते जुळवता येतं. मग अर्जदाराचं नाव धरून कंपनी, कंपनीवरून त्या वर्षी तिथे काम करणारी माणसं. नाव सापडतं ते असं, तीन घरं ओलांडून.

थेटरांच्या बाजूचे कागद जिल्ह्यात आहेत. थेटराचा परवाना आणि फिरत्या सिनेमाचा परवाना १९५३च्या मुंबई सिनेमा नियमन कायद्याखाली, करमणूक कराच्या नोंदी १९२३च्या कायद्याखाली. (हा कर ‘सिंहगड’ला झालेल्या गर्दीमुळे लागला असं कोल्हापूरकर सांगतात. गोष्ट चांगली आहे, प्रबंधात घालताना ‘सांगतात’ हा शब्द ठेवा.) अर्ज करताना ‘सिनेमाचा इतिहास’ असं मोघम लिहू नका, फाइल मिळत नाही. कायद्याचं नाव, वर्ष आणि गाव लिहा.

आणि माझी एक फजिती सांगते, तुमचे दोन महिने वाचतील. एका खासगी संग्रहातल्या चहाच्या जाहिरातीची प्रिंट मी पाहिली. सगळं दृश्य गुलाबी-तांबूस. मी लिहिलं: संध्याकाळच्या उन्हाचा कल्पक वापर, उबदार घरपण वगैरे. एका मोठ्या छायालेखकांना ते दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच विचारलं की त्या बाईच्या पदराची पांढरी किनारही गुलाबी आहे का. होती. ईस्टमनकलरच्या जुन्या प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी होत जातं. मी ज्याला कॅमेरामनची कल्पकता म्हणत होते, ती पन्नास वर्षांच्या उष्णतेची करामत होती. तेव्हापासून मी रंगाबद्दल लिहायच्या आधी दृश्यात पांढरी वस्तू शोधते: पांढरी टोपी, कपबशी, भिंतीचा चुना. ती पांढरी नसेल तर रंगाबद्दल गप्प बसायचं. सावलीची कड, दिव्याचं प्रतिबिंब, उजेडाची दिशा, एवढ्यावरच बोलायचं. यूट्यूबवरच्या प्रतीचं तर विचारू नका. फिल्मवरून टेपवर, टेपवरून फाइलवर, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बटण फिरवलेलं.

तोंडी मुलाखतींबद्दलही एक सांगायचंय. जाहिरातीतले जुने लाइटमन, असिस्टंट मोकळेपणी बोलतात, पण ‘ती जाहिरात आपण केली’ यातल्या ‘आपण’चा अर्थ विचारून घ्या. युनिट, कंपनी की स्वतः? नाव विचारू नका, काम विचारा. मुख्य दिवा कुठल्या बाजूला होता, जागा लहान होती का, बाटली कशी टांगली होती. ज्याने केलंय त्याचे हात बोलताना हलतात, जागा दाखवतात. मग तेच उत्तर बाटलीवरच्या प्रतिबिंबाशी ताडून बघा. माझ्याकडे अशा ताडून पाहिलेल्या जाहिराती आत्तापर्यंत फक्त चार आहेत.

पुढच्या महिन्यात पुन्हा दौंडला जाणार आहे. काकांच्या ओळखीच्या एकांकडे काचेच्या स्लाइडची पेटी आहे म्हणे, शिरूरच्या दुकानांचीही त्यात असतील. स्लाइडवर रंगवणाऱ्याची सही कधी कधी कोपऱ्यात असते. तुमच्या घरी, आजोळी, जुन्या थेटराच्या माळ्यावर असं काही असेल, तर पुसू नका, धुऊ तर मुळीच नका. काचेवरचा रंग पाण्याने सुटतो. मऊ कागदात गुंडाळून उभ्या ठेवा आणि मला कळवा.